रत्नागिरी-सिंधुदुर्गात आईवडिलांसाठी देखभालीसह घर: अनुभव आणि सल्ला हवा आहे

सुरंगी

नमस्कार मंडळी. माझे बाबा 84 वर्षांचे आहेत, आई 78. मालगुंडजवळच्या एका वाडीत आमचं जुनं घर आहे आणि तिथे दोघंच राहतात. मी डोंबिवलीला, धाकटा भाऊ पुण्यात. बाबांना पार्किन्सन्स आहे. डोकं अगदी शाबूत, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, पण शरीर ऐकत नाही. उंबरठ्यापाशी आले की पाय जमिनीला चिकटतात, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांचे उंबरठे केवढाले असतात ते सांगायला नको. न्हाणीघर मागच्या पडवीतून पायऱ्या उतरून आहे. पावसाळ्यात तिथल्या चिऱ्यावर शेवाळ धरतं. त्यांना सावरायला आई जाते आणि तिचेच गुडघे गेलेले. मागच्या श्रावणात दोघंही एकदमच पडली. शेजारची मुलं धावत आली म्हणून निभावलं.

दिवसा कामाला एक बाई येतात, त्या संध्याकाळी सहाला जातात. पुढची सगळी रात्र आईवर.

दोघंही कोकण सोडायला तयार नाहीत. बाबा डोंबिवलीला राहून गेले, त्यांचं जेवणच तुटलं. त्यामुळे मला शक्यतो मुंबई-पुण्याचे पर्याय नको आहेत. हवं ते असं: दोघांना एकत्र राहता येईल अशी स्वतंत्र खोली किंवा लहानसं घर, आईला आपला चहा आपण करता येईल एवढा ओटा, आणि आवारातच चोवीस तास मदतीला माणूस. वृद्धाश्रम नकोच असं नाही. पण जिथे फोन करावा तिथे पहिला प्रश्न ठरलेला, 'स्वतःचं स्वतः करतात ना?' आईला घ्यायला सगळे तयार, बाबांना नाही. एका ठिकाणी म्हणाले, बाबांना खाली आजारी माणसांच्या खोलीत ठेवू आणि आईला वर महिलांमध्ये. पन्नासहून जास्त वर्षं एकत्र काढलेल्या माणसांना हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

पेन्शन आणि आम्ही दोघं भावंडं मिळून महिना 45 हजारांपर्यंत झेपेल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, फार तर रायगड. कुणी आपलं माणूस ठेवलं असेल, जागा स्वतः पाहिली असेल तर कृपया लिहा. काय बघायचं, काय विचारायचं तेही सांगा.

कुडाळची_सिस्टर

सुरंगीताई, मी जीएनएम, म्हणजे प्रशिक्षित नर्स आहे आणि सिंधुदुर्गात अशाच एका ठिकाणी काम करते. नोकरीची जागा म्हणून नाव लिहीत नाही, पण आतून जे दिसतं ते सांगते.

तुम्ही जे मागताय ते दोन प्रकारांच्या मधलं आहे, म्हणून फोनवर कुणाला कळत नाहीये. ट्रस्टचे वृद्धाश्रम चालत्या-फिरत्या माणसांसाठी असतात. तिथे स्वयंपाकी असतो, व्यवस्थापक असतो, उचलून बसवणारा माणूस नसतो, त्यामुळे ते बाबांना नाही म्हणतात ते एका अर्थी बरंच, घेऊन हेळसांड करण्यापेक्षा. दुसरी शुश्रूषा केंद्रं. तिथे उचलणारी माणसं असतात, पण कारभार वॉर्डासारखा, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे. तेव्हा शुश्रूषा केंद्रांना विचारताना 'जागा आहे का' असं विचारू नका. 'नवराबायकोला एक खोली द्याल का, दोन खाटांचे पैसे भरू' असं विचारा. आणि वृद्धाश्रमांना विचारा की आम्ही ठेवलेली आमची बाई किंवा पुरुष मदतनीस खोलीत राहिलेला चालेल का. बऱ्याच जागी तोंडावर नाही येतं, पण मंडळाच्या बैठकीत विषय गेला की होकारही मिळतो. मी पाहिलेलं आहे.

आता खरा प्रश्न रात्रीचा. दिवसा सगळीकडे माणसं दिसतात. रात्री किती जण असतात हे तर विचाराच, पण त्यातले जागे किती, हे विचारा. 'असतो ना एक मुलगा, बेल दिली की उठतो', हे उत्तर तुमच्या बाबांसाठी पुरेसं नाही. बेल खाटेशी आहे का, संडासात आहे का, वाजते का, ती स्वतः दाबून बघा. लाजू नका. आम्हाला असे नातेवाईक आवडतात.

आणि गोळ्या. पार्किन्सन्सची गोळी घड्याळावर चालते. आमच्याकडे एक आजोबा आहेत, त्यांची सकाळची गोळी साडेसहाची. ती सगळ्यांच्या नाश्त्याबरोबर आठला गेली तर ते त्या दिवशी दुपारपर्यंत कुशीवरही वळू शकत नाहीत, चमचा हातात धरवत नाही. वेळेवर गेली तर स्वतः पेज पितात. म्हणून जागा बघताना त्यांची औषधाची वही मागा. प्रत्येक माणसाच्या नावासमोर वेळ आणि सही आहे, की सकाळ-दुपार-रात्र असे तीन डबे करून सगळ्यांना एकदम वाटतात? एवढ्यावरून तुम्हाला पुढचं सगळं समजेल.

दर्यावर्दी

सिस्टरनी लाखातलं सांगितलंय. माझी आई आता नाही. आधी ती एका ठिकाणी होती, मग दुसऱ्या. दोन्ही आमच्याच जिल्ह्यातली.

पहिल्या ठिकाणची इमारत नवी, समोर बाग, तुळशीवृंदावन, भिंतीवर देणगीदारांच्या पाट्या. भेटीची वेळ चार ते सहा. आम्ही जायचो तेव्हा आई वेणीफणी करून खुर्चीत बसलेली असायची. तिच्या टाचेला जखम झालीय हे कळलं ते दवाखान्यात मोजे काढल्यावर. काळी पडलेली टाच. 'अंथरुणावरच्या माणसाला होतंच हो', एवढंच उत्तर. होतंच असं नाही. दर दोन तासांनी कूस बदलली, टाचा गादीवरून उचललेल्या ठेवल्या तर बहुतेक वेळा टळतं. पुढे ज्या लोकांनी तिला सांभाळलं त्यांनी हे करून दाखवलं, आणि त्यांची इमारत म्हणजे साधं कौलारू घर होतं.

तेव्हा भेटीच्या वेळेत जाऊ नका. संध्याकाळी साडेसातला जेवणाच्या वेळेला जा. भरवणारी माणसं किती आणि भरवून घेणारी किती ते बघा. आडवं ठेवून भरवत असतील तर तिथूनच मागे फिरा, घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवलाय की टेबलाच्या पलीकडच्या टोकाला? नखं कापलेली आहेत का? आणि टाचा बघा. बघू देत नसतील तर का नाही ते विचारा.

माझी आवस शेवटाक मालवणीच बोलायची, बाकी सगळां इसारलेली. थंयच्या बायो तिच्याशी मालवणीतच बोलायच्यो. ह्यां कोणी रेटकार्डार लिवत नाय, पण ताई, तुमी कोकणातच जागा शोधतास तां बरोबर आसा.

फिजिओ_चिपळूण

सुरंगीताई, जागा मिळेपर्यंत घरात आजपासून करण्यासारखं:

उंबरठ्याच्या अलीकडे जमिनीवर गडद रंगाच्या चिकटपट्टीचे आडवे पट्टे लावा, एकेका पावलाच्या अंतरावर. पाय चिकटलेला माणूस पट्टा ओलांडायला सांगितलं की बहुतेकदा पाऊल उचलतो. त्यांना पुढून ओढायचं नाही. आईंनी तर अजिबात नाही. थांबा, सरळ उभे राहा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या, मग पाऊल. रात्री न्हाणीघर बंद, खाटेशेजारी कमोडची खुर्ची. रात्री उठणं फार असेल तर लघवी वाढवणारी एखादी गोळी संध्याकाळी जात नाही ना, हे डॉक्टरांना विचारा. या आजारात उभं राहिल्यावर रक्तदाब उतरतो, म्हणून निजून उठल्यावर खाटेच्या कडेला दोन मिनिटं पाय सोडून बसू दे.

पार्किन्सन्सची गोळी जेवणाआधी साधारण अर्धा तास. डाळ, मासे, अंडं यांतली प्रथिनं गोळीच्या वाटेत येतात. मासे बंद करायचे नाहीत, कोकणातल्या माणसाचे मासे तोडून कसं चालेल, फक्त गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायचं.

आणखी एक गोष्ट, जी मोठ्या अक्षरात लिहून बाबांच्या फाइलवर चिकटवा. उलटी थांबवायला मेटोक्लोप्रमाइड आणि रात्री बडबड वाढली म्हणून हॅलोपेरिडॉल, ही दोन औषधं पार्किन्सन्सच्या माणसाला देत नाहीत, अंग आणखी आखडतं. जिथे ठेवाल तिथल्या रात्रपाळीच्या माणसाला हे माहीत हवं. रात्री बोलावलेला डॉक्टर नवा असू शकतो.

माडाचीवाडी

माझं मत थोडं वेगळं. एवढ्या पैशांत घरीच दोन माणसं ठेवा, दिवसाची एक, रात्रीचा एक. न्हाणीघर आत घ्या, उंबरठे काढा, भिंतीला दांडे लावा. माणूस आपल्या पडवीत असला की अर्धा बरा असतो. आमच्या काकांना आम्ही असंच सांभाळलं, शेवटपर्यंत घरीच होते.

बकुळ

माडाचीवाडी, तुमच्याकडे काका होते तेव्हा घरात सुना-मुलगे होते ना? इथे दोघंच आहेत. गणपतीत रात्रीचा माणूस गावी जातो, शिमग्यात जातो, भातलावणीला जातो. तेव्हा कोण? आणि एजन्सीचा माणूस आमच्या भागात टिकत नाही, शहरात जास्त मिळतात म्हणून जातो.

मी दापोली तालुक्यातली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, मोबाइल नव्हता, रस्त्यावर माड-आंबे आडवे. शेजारच्या आजी हवेच्या गादीवर होत्या, ती गादी विजेवर चालते. पुढच्याच वर्षी तौक्ते. 22 जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात. म्हणून कोकणात जागा बघायची तर ती पावसाळ्यात बघायची. जनरेटर आहे का, तो कशाकशाला पुरतो, डिझेल किती दिवसांचं भरून ठेवतात, विहिरीचा पंप त्यावर चालतो का. मधल्या साकवावरून पाणी गेलं तर मोठ्या रस्त्याला लागायची दुसरी वाट आहे का. 108 तिथपर्यंत येते का, की पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, उतरून माणसाला खुर्चीत घालून न्यावं लागतं.

खुब्याचं हाड मोडलं तर ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालेलं बरं असतं. मालगुंडहून रत्नागिरीचं सिव्हिल जवळ आहे, तिथे आता वैद्यकीय महाविद्यालयही झालंय. चिपळूणकडचे लोक डेरवणच्या रुग्णालयात जातात, आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्याचे गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात. मोठं काही असेल तर रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर. दरड आली की तोही प्रश्न. निसर्गरम्य, शांत, डोंगरावरची जागा असं जाहिरातीत वाचलं की मी आधी नकाशावर रस्ता बघते.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. औषधाच्या वहीचं मी कधीच विचारलं नसतं. पट्ट्या भाऊ लावून आला. आई म्हणते, ओटीवरून माजघरात जाताना फरक पडतोय.

घरी ठेवण्याचा विचार आम्ही केला होता. बकुळताईंनी लिहिलंय तेच झालं, माणसं टिकली नाहीत.

आता दोन शंका. रत्नागिरीजवळ ज्येष्ठांसाठी म्हणून फ्लॅट बांधतायत, 'आरोग्यसेवेसह' असं लिहिलंय. ते घ्यावं का? आणि एका संस्थेने सुचवलंय की गावचं घर-बाग त्यांच्या नावे करून द्या, दोघांना आजन्म सांभाळू. बाबांचा कल तिकडे आहे, कारण आमच्यावर भार नको असं त्यांच्या मनात आहे.

ॲड_सावंतवाडी

घराच्या कागदावर आत्ता कुणाचीच सही होऊ देऊ नका. हे आधी.

आता सविस्तर. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या पालनपोषणाचा 2007 चा कायदा आहे. त्याच्या कलम 23 प्रमाणे ज्येष्ठाने सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. अर्ज न्यायाधिकरणाकडे, म्हणजे प्रांतांकडे करायचा. पण सांभाळण्याची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहिलेली असली तर बाजू भक्कम. तोंडी 'आजन्म सांभाळू'वर जाऊ नका. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तिची नोंदणी आणि हिशेब बघता येतात, ते बघा. माझा सल्ला विचाराल तर मिळकत अजिबात देऊ नका, महिन्याचे पैसे द्या. पैसे देणाऱ्याला उठून जाता येतं. घर दिलेल्याला नाही.

फ्लॅटबद्दल. महारेराने, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2024 मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष ठरवून दिले आहेत. दारं किमान 900 मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची आत जाते, शिवाय उतार, लिफ्ट, न घसरणारी फरशी, न्हाणीघरात आधाराचे दांडे. बिल्डरला विक्री करारात हे लिहून द्यायला सांगा. पण लक्षात घ्या, हे सगळं इमारतीबद्दल आहे. बाबांना रात्री दोनला कूस कोण बदलून देणार ते त्यात नाही. 'आरोग्यसेवा' म्हणजे नेमकं काय, नर्स कुठल्या वेळात, किती घरांमागे एक, ती सेवा बिल्डर देणार की दुसरी एजन्सी, एजन्सी सोडून गेली तर काय, हे वेगळ्या करारात हवं. तुमच्या बाबांची आजची स्थिती बघता ताबा मिळण्याची वाट बघणं परवडणारं नाही. आईंना पुढे एकटीसाठी विचार करायचा असेल तर वेगळी गोष्ट.

कुठल्याही जागेच्या करारात तीन ठिकाणी बोट ठेवून वाचा. अनामत परत कधी आणि किती. दवाखान्यात भरती केलं तर त्या दिवसांचे पैसे आणि खोली राखून ठेवणं. आणि 'प्रकृती खालावल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे' असं वाक्य आहे का. हे वाक्य फार ठिकाणी सापडतं. तुमच्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण बाबांची प्रकृती आज ना उद्या खालावणारच आहे. अंथरुणाला खिळल्यावरही ठेवू, असं लेखी देणारी जागा मिळाली तर रंग उडालेला असला तरी चालेल.

कुडाळची_सिस्टर

वकीलसाहेबांना दुजोरा. खर्चाचं राहिलं. फोनवर सांगतात तो आकडा खोली आणि जेवणाचा असतो. डायपर, औषधं, हातमोजे, फिजिओ, दवाखान्यात सोबत पाठवलेला माणूस हे वेगळं लागतं. मागच्या महिन्याचं एखाद्या अंथरुणावरच्या माणसाचं बिल नाव झाकून दाखवा म्हणा.

दवाखान्यासाठी: दोघंही 70 च्या वर आहेत, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत भरतीचा खर्च निघतो. राहण्या-सांभाळण्याचा खर्च मात्र त्यात येत नाही. आणि काही अडलं, कुणी त्रास देत असलं तर ज्येष्ठांची 14567 ही हेल्पलाइन आहे, मराठीत बोलतात.

पनवेलकर

रायगडात बघत असाल तर नेरळला डिग्निटी लाइफस्टाइल ही ज्येष्ठांची वसाहत आहे, जोडप्यांना विचारण्यासारखी. समुद्र नाही, डोंगर आहे. पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवनातही वृद्धांची सोय आहे. दोन्हीकडे बाबांची अवस्था फोनवर न सांगता कागदांसकट जाऊन सांगा, घेतील की नाही ते तेच ठरवतील. धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी: ज्यांना कुणीच नाही अशा निराधारांसाठी कुडाळजवळ पणदूरला संविता आश्रम आहे.

अण्णा_रत्नागिरी

मुली, मी स्वतः अशा एका ठिकाणी राहतो म्हणून लिहितो. वय 81. पत्नीसह आलो होतो, आता एकटा आहे.

इथे सगळे तुम्ही मुलांच्या बाजूने लिहितायत, ते योग्यच आहे. पण जागा बघायला वडिलांना घेऊन जा. डोकं शाबूत आहे म्हणतेस ना? मग त्यांना विचारू दे. मला माझ्या मुलाने फोटो दाखवले होते, मी म्हटलं गाडीत घाल आणि ने. मी तिथे गेल्यावर पहिलं विचारलं की पेपर किती वाजता येतो आणि सकाळी पाचला उठलो तर चहा मिळेल का. मिळतो. मी रोज पाचला चहा पितो आणि बाहेर खुर्ची टाकून बसतो, कुणी आत जा म्हणत नाही. आयुष्यभर स्वतःच्या मर्जीने उठलेल्या माणसाला हे फार असतं.

आणि आईचा विचार कर. माझी पत्नी इथे आल्यावर पहिले काही दिवस नुसती झोपत होती. आजारी नव्हती. थकलेली होती, माझं करून करून. ते मला घरी असताना दिसलं नव्हतं. मदतनीस मुलगा मला आंघोळ घालायला लागला तेव्हा ती पुन्हा माझ्याशी गप्पा मारायला लागली. तुझ्या बाबांना भार व्हायचं नाहीये ना, तर त्यांना सांग की घर कुणाच्या नावावर करून भार उतरत नाही, रात्रीचा माणूस आला की उतरतो.

सुरंगी

अण्णा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. बक्षीसपत्राचा विषय त्यांनी स्वतःच मागे घेतलाय.

सिस्टरांनी सांगितलं तसं विचारल्यावर रत्नागिरी तालुक्यातलं एक शुश्रूषा केंद्र जोडप्याला एक खोली द्यायला तयार झालंय. ओटा नाही, पण विजेची किटली चालेल म्हणाले. रात्री दोन माणसं, त्यातला एक जागा. औषधाची वही दाखवली, वेळा लिहिलेल्या होत्या. जनरेटर आहे, डिझेलचं भाऊ परत विचारणार आहे. 'घेऊन जावे' हे वाक्य करारात आहे, ते काढा म्हटलं तर मंडळाशी बोलतो म्हणाले. बाबांना घेऊन पुढच्या आठवड्यात जातोय. आधी महिनाभर राहून बघायचं, घर तसंच उघडं ठेवायचं, असं आईने ठरवलंय. कुणाला त्यांच्याशी महिन्याच्या मुक्कामाबद्दल बोलताना आणखी काही मागून घ्यावंसं वाटत असेल तर सांगा.

दर्यावर्दी

तो महिना जुलैचा मागा.

कुडाळची_सिस्टर

हो, जुलैच. आणि पहिल्या दिवशी बाबांच्या गोळ्यांचं वेळापत्रक छापून तीन प्रती न्या, एक वहीत, एक खाटेशी, एक रात्रपाळीच्या माणसाच्या हातात. नव्या जागेत पहिले काही दिवस ते रात्री गोंधळतील, त्यावरून लगेच निर्णय घेऊ नका. पण लघवीची जळजळ, ताप, बद्धकोष्ठ नाही ना तेवढं तपासून घ्या, गोंधळाचं कारण पुष्कळदा तिथे असतं.